बोललं तेवढंच लिहिणारा

सोनाईगंजमध्ये सभा कुठल्याही पक्षाची असो, व्यासपीठाच्या डाव्या अंगाला एक लहान टेबल आणि एक खुर्ची मांडलेली असायची. मंडपवाला बांबू रोवायच्या आधी ते टेबल आणून ठेवी. तबारक अली येऊन बसल्याशिवाय सभा सुरू होत नसे, आणि तबारक अलीला मांडीवर वही घेऊन लिहिता येत नसे, एवढं मंडपवाल्याला अनुभवानं ठाऊक झालं होतं.

तबारक अली पोलीस खात्यात शॉर्टहँड-लेखक होता. भाषण सुरू झालं की शेवटच्या शब्दापर्यंत उतरून घ्यायचं, दुसऱ्या दिवशी ते टाइप करायचं आणि इन्स्पेक्टरच्या टेबलावर ठेवायचं, हे त्याचं काम. यात लपूनछपून काही नव्हतं. पांढरा पायजमा, कोपरांवर विरलेला कोट आणि काखेत छत्री अशा वेशात तो सगळ्यांच्या देखत येई, सहा पेन्सिली ओळीनं मांडी आणि मान खाली घालून बसे. लोक त्याला घाबरत नसत. कुणाचा काही राग असलाच तर तो खात्यावर असे.

"काय तबारक मिया, पेन्सिली तासल्यात का?" वक्ते वरून विचारत.

"मी तासल्यात. तुम्ही तेवढं तोंडातलं पान थुंका. मागच्या खेपेला दोन ओळी पानातच गेल्या."

लोक हसत, आणि सभा सुरू होई.

त्याचा बाप दुसऱ्यांच्या शेतातला ताग पाण्यात भिजवून सोलायचा. हातांना कायम कुजक्या पाण्याचा वास. आपल्या पोरानं कोरड्या जागी बसून पोट भरावं, एवढीच त्याची इच्छा होती. तबारक मॅट्रिक झाल्यावर कलकत्त्याला मामाकडे गेला. मामा पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होता. तिथंच गल्लीत एक म्हातारे बाबू बंगालीचं शॉर्टहँड शिकवत. इंग्रजीचं शिकवणारे पुष्कळ होते, बंगालीचं शिकवणारे विरळा. बाबू म्हणायचे, "अर्थाच्या मागे गेलास की हात मागे पडलाच म्हणून समज. तू नुसता कान हो." तबारकनं ते मनावर घेतलं. तीन वर्षांत त्याचा हात असा बसला की समोरचा बोलतो आहे आणि कागदावर रेघा आपोआप उमटत आहेत, असं बघणाऱ्याला वाटावं.

इंग्रजांच्या पोलिसांनी त्याला नोकरीत घेतलं. फाळणीच्या आधीच्या वर्षी पाकिस्तान मागणाऱ्यांच्या सभा रोज होत, कधी दिवसाला तीन. तबारकनं त्या सगळ्या इंग्रजांसाठी लिहून घेतल्या. मग पाकिस्तान झालं. नोकरांना फॉर्म आले, इकडे राहणार की तिकडे जाणार. आई तिकडे गावी होती, म्हणून त्यानं पाकिस्तान लिहिलं. त्याहून जास्त विचार केला नाही. त्याची नेमणूक पाकिस्तानच्या बंगाली भागात, सोनाईगंजला झाली. नदीकाठचं पोटजिल्ह्याचं गाव. कोर्ट, शाळा, तागाची गोदामं आणि आठवड्याचा बाजार.

बायकोनं, माजेदानं, सामान लावता लावता विचारलं होतं, "देश तर मिळाला. आता भाषणं कोण करणार? तुम्हाला काम काय उरणार?"

त्यालाही तसंच वाटत होतं. पहिले काही महिने त्याला ठाण्यातल्या जप्त मालाची यादी टाइप करायला बसवलं. पुढल्या मार्चमध्ये शाळेच्या मैदानावर एक सभा झाली. अठ्ठावीस माणसं आणि कुणाची तरी सुटलेली शेळी. विषय असा, की कराचीचं सरकार एकटी उर्दू राज्याची भाषा करायला निघालं आहे आणि देशातले निम्म्याहून जास्त लोक तर बंगाली बोलतात. तबारकची अर्धी वहीसुद्धा भरली नाही. तो घरी येऊन माजेदाला म्हणाला, "काम उरलंय म्हणायचं."

राजकारण चढतं आहे की उतरतं आहे हे तो वह्यांवरून ओळखायचा. त्या साली अर्धी वही. पुढल्या साली तांदूळ, मीठ, कापड या विषयांवर सभा झाल्या, तेव्हा एका सभेला एक वही. ज्या साली मीठ बाजारातून गायब झालं, त्या साली दोन. आणि विषय कुठूनही सुरू झाला तरी शेवटी भाषेवर यायचा. मिठाबद्दल बोलणारा म्हणायचा, आपल्या तागाचा पैसा तिकडे कराचीला जातो. तागाबद्दल बोलणारा म्हणायचा, कचेरीत आपलं ऐकून घेणारा कुणी नाही. कचेरीबद्दल बोलणारा म्हणायचा, कारण तिथं आपली भाषाच नाही. तबारक रेघा मारत राही.

इन्स्पेक्टर मोफिज फरीदपूरकडचा, म्हणजे बंगालीच. त्यानं टेबलाच्या खणात उर्दूचं पहिलीचं पुस्तक ठेवलं होतं आणि दुपारी जेवणानंतर तो अक्षरं गिरवायचा.

"तबारक, तूही शीक. पुढे सगळं ह्यातच चालणार."

"शॉर्टहँडसुद्धा?"

"सगळंच."

तबारक कागद ठेवून निघाला. पण परत जाताना हिशोब त्याच्या ध्यानात आला. त्याच्या रेघा बंगाली उच्चारांवर बसवलेल्या होत्या. ती भाषा कचेरीतून गेली तर वीस वर्षांचा हात फुकट गेला. चाळिशीला आलेल्या माणसानं पुन्हा कानापासून सुरुवात करायची. त्या दिवशी सभांमधलं एक म्हणणं पहिल्यांदा त्याच्या घरापर्यंत आलं. माजेदाला त्यानं ते सांगितलं नाही.

गावातल्या वक्त्यांमध्ये त्याला हायस्कूलचे वदूद मास्तर आवडत. आवडण्याचं कारण अगदी धंद्यातलं होतं. मास्तरांना दमा होता, त्यामुळे ते थांबत थांबत बोलत, आणि व्याकरण शिकवत असल्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य क्रियापदापर्यंत पोचे. बाकीचे वक्ते वाक्य सुरू करून टाळ्यांत सोडून देत. सभा संपली की मास्तर खाली उतरत आणि दोघं बाजूच्या टपरीवर चहा घेत. ठाण्यातल्या लोकांनी बघितलं तरी तबारक उठत नसे.

"खरं सांगू तबारक भाई," मास्तर एकदा म्हणाले, "इतकी वर्षं वर्गात शिकवतोय, घरी बायको आहे, पण माझं बोलणं एवढं मन लावून तुमच्याशिवाय कुणी ऐकलेलं नाही."

"मी ऐकत नाही मास्तरसाहेब. लिहितो."

"म्हणजे पटतं की नाही ते कळतच नाही तुम्हाला?"

"पटवून घ्यायचा पगार नाही मला."

मास्तरांना हसताना ठसका लागला आणि चहा कोटावर सांडला.

बावन्न सालच्या फाल्गुनात ढाक्याला पोलिसांनी विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या. बंगाली हीही राज्याची भाषा झाली पाहिजे, एवढंच त्यांचं मागणं होतं. बातमी दुसऱ्या दिवशी स्टीमरनं सोनाईगंजला आली. तिसऱ्या दिवशी दुकानं बंद होती आणि शाळेचं मैदान पुरलं नाही म्हणून लोक कोर्टाच्या आवारापर्यंत उभे होते. तबारक चार वह्या घेऊन आला होता. त्याच्या टेबलाला वाट करून द्यायला लोक सरकले, पण त्या दिवशी थट्टा कुणी केली नाही. भोवती बंदुका घेतलेले शिपाई होते. त्यातले निम्मे याच तालुक्यातले.

वदूद मास्तर शेवटी बोलायला उठले. एरवी ते बोलताना हातात रुमाल ठेवत, त्या दिवशी तोही नव्हता. अर्धा तास ते बोलले. शेवटाकडे शिपायांच्या रांगेकडे बघून म्हणाले, "ज्यांनी गोळी झाडली त्यांच्याही आयांनी त्यांना याच भाषेत निजवलं. हा शिपाई आज ना उद्या बंदूक खाली ठेवील." मग ते टेबलाकडे वळले आणि आणखी एक वाक्य बोलले.

तबारकचा हात थांबला. असं आजवर कधी झालं नव्हतं. रेघ अर्धवट राहिली, पुढे दोन बोटं कोरी जागा सुटली, आणि हात पुन्हा चालू झाला तेव्हा मास्तर भाषण संपवत होते. घरी येऊन त्यानं वही उघडली. मोकळी जागा तशीच होती. ते वाक्य त्याला तोंडपाठ होतं, तरी त्यानं ते भरलं नाही. सभा संपल्यावर भरलेलं ते टिपण नव्हे, असं त्यानं स्वतःला बजावलं. टाइप करताना तिथं फक्त टिंबं दिली.

चार दिवसांनी इन्स्पेक्टरनं त्याला बोलावलं. टाइप केलेली पानं समोर होती आणि एका ओळीखाली निळी खूण.

"हे 'ठेवील' काय आहे?"

"मास्तर तसंच म्हणाले."

"'ठेवावी' म्हणायचं होतं त्याला. सगळ्यांना तेच समजलं."

"समजलं असेल. म्हणाले 'ठेवील'."

मोफिजनं टोपी काढून टेबलावर ठेवली. "हे बघ, 'ठेवील' म्हणजे भविष्य सांगणं झालं. ज्योतिष्यावर खटला होत नाही. 'ठेवावी' म्हणजे पोलिसांना फितवणं. वरून दट्ट्या आहे रे. या गावातून एक तरी माणूस आत गेला पाहिजे, नाहीतर मी जातो. एका शब्दाचा तर प्रश्न आहे."

"एका शब्दाचा आहे म्हणूनच साहेब. दहा असते तर चुकून ऐकलं म्हणता आलं असतं."

इन्स्पेक्टरनं पानं उचलून खणात टाकली. मग म्हणाला, "बरं. जा तू." तो रागावला होता असं तबारकला वाटलं नाही. थकल्यासारखा दिसत होता.

मास्तरांना त्याच आठवड्यात पकडलं. खटला उभा राहायला आषाढ उजाडला. मॅजिस्ट्रेट पंजाबकडून आलेला तरुण होता, बंगाली त्याला येत नव्हतं. मास्तरांची वकिली हेमांगबाबू सेन यांनी घेतली. त्यांचे भाऊबंद सगळे कलकत्त्याला निघून गेले होते, हे एकटे मागे राहिले होते. पैसे न घेता खटला चालवतो म्हणून बायको अबोला धरून आहे, असं ते स्वतःच बाररूममध्ये सांगत.

सरकारी वकिलानं टाइप केलेली प्रत दाखल केली. तबारकला पिंजऱ्यात उभं करून विचारलं, हे तुम्ही लिहून घेतलं का? त्यानं हो म्हटलं. मग हेमांगबाबू उठले.

"तबारकसाहेब, प्रत राहू दे. मूळ वही आणली आहे ना? शेवटचं पान वाचा."

तबारकनं वही उघडली आणि वाचलं. "हा शिपाई आज ना उद्या बंदूक खाली ठेवील."

"आता प्रतीतलं तेच वाक्य वाचा."

तबारकनं प्रत हातात घेतली. पानाचा कागद वेगळा होता आणि टाइपरायटरही वेगळा होता. त्याच्या यंत्राचा 'क' जरा वर उडायचा, या पानावरचा सरळ होता. त्यानं वाचलं, "बंदूक खाली ठेवावी."

कोर्टात कुजबुज झाली. मॅजिस्ट्रेटनं इंग्रजीत विचारलं, फरक काय पडतो? तेव्हा हेमांगबाबूंनी पाव तास त्याला बंगालीचं क्रियापद समजावून सांगितलं. आरोपीच्या पिंजऱ्यात व्याकरणाचे मास्तर उभे होते, आणि एके ठिकाणी वकील चुकले तेव्हा त्यांना राहवलं नाही, त्यांनी तिथूनच दुरुस्ती केली. मॅजिस्ट्रेट मन लावून ऐकत होता. त्यानं तीनदा प्रश्न विचारले आणि टिपून घेतलं.

मग त्याची नजर वहीवरच्या मोकळ्या जागेकडे गेली. "इथे काय आहे?"

"इथे मी लिहिलं नाही, हुजूर."

"ऐकू आलं नाही?"

"आलं."

"मग?"

तबारकनं इन्स्पेक्टरकडे बघितलं, मग मास्तरांकडे. "ते माझ्याबद्दल होतं. मास्तर म्हणाले, 'आणि हे लिहून घेणारा तबारकही आपलाच माणूस आहे.' हात चालला नाही."

"तुम्ही त्यांचे माणूस आहात का?"

"तो त्यांचा विचार आहे, हुजूर. मी तो लिहून घ्यायला हवा होता. राहिला, म्हणून आत्ता सांगितला."

हेमांगबाबूंनी डोळे मिटून घेतले. हे त्यांनी विचारलेलं नव्हतं आणि त्यांना नकोही होतं; साक्षीदार आरोपीचा माणूस ठरला तर साक्षीला किंमत उरत नव्हती.

मॅजिस्ट्रेटनं मास्तरांना सोडलं. निकालात त्यानं लिहिलं, की दाखल केलेली प्रत भरवशाची नाही. मास्तर कोर्टाच्या पायऱ्या उतरले, आणि तिसऱ्या पायरीवर शिपायांनी त्यांना दुसरा कागद दाखवला. सार्वजनिक सुरक्षेसाठी बेमुदत कैद. तिथं खटला लागत नाही, पुरावा लागत नाही, शॉर्टहँडही लागत नाही. तबारक छत्री घेऊन फाटकाशी उभा होता. मास्तर जाता जाता म्हणाले, "व्याकरण तर शाबूत राहिलं," आणि गाडीत बसले.

तबारकची बदली दक्षिणेला, नदीच्या मुखाशी असलेल्या एका बेटावरच्या चौकीत झाली. तिथं सभा होत नसत. म्हशींच्या चोऱ्या आणि जमिनीच्या मारामाऱ्या, एवढंच काम. गवती छपराखाली बसून तो फिर्यादी लिहून घेई. माजेदानं सामान लावलं. या खेपेला ते थोडंच होतं.

"खरं बोललात ना?" ती म्हणाली. "मग तोंड असं का पाडून बसलाय?"

"खरं बोललो त्याचं काही नाही. एक वाक्य लिहायचं राहिलं."

"ते बोलून तर टाकलंत भर कोर्टात."

"बोललेलं वेगळं."

माजेदानं भाताचं भांडं चुलीवर चढवलं. "मला तर मास्तरांनी बरोबर सांगितलं असंच वाटतं," ती म्हणाली.

चोपन्न साली निवडणुका आल्या. सत्तेतल्या पक्षाची खूण कंदील, त्याच्याविरुद्ध एकत्र आलेल्यांची खूण नाव, म्हणजे होडी. तबारकला मतदान केंद्रावर कारकून म्हणून बसवलं. त्या बेटावर बायका एवढ्या संख्येनं घराबाहेर पडतील असं कुणाला वाटलं नव्हतं. पोटरीभर चिखलातून, कडेवर पोरं घेऊन त्या आल्या. रांगेत एक म्हातारी विचारत होती, "कंदील विझवायची पेटी कुठली गं?" अधिकाऱ्यानं तिला गप्प केलं. तिच्या मागे माजेदा उभी होती. मत टाकून बाहेर आल्यावर तिनं नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ घरी गेली. त्यानंही विचारलं नाही. निकाल लागला तेव्हा सगळ्या प्रांतात कंदिलाच्या जागा बोटांवर मोजता येतील एवढ्याच उरल्या होत्या. आदल्या वर्षी सुटून आलेले वदूद मास्तर निवडून आले होते.

मास्तरांचं पत्र आलं. विधानसभेला बंगालीत लिहिणारी माणसं हवीत, अर्ज करा, मी शब्द टाकला आहे. तबारकनं अर्ज केला. दोन महिने व्हायच्या आत कराचीनं निवडून आलेल्यांचं मंत्रिमंडळ बरखास्त केलं आणि मास्तर पुन्हा तुरुंगात गेले. अर्जाचं उत्तर यायला दीड वर्ष लागलं. मधल्या काळात तबारकनं म्हशींच्या एकशे सत्तावीस फिर्यादी लिहिल्या. विधानसभा नीट भरायला छप्पन साल उजाडलं. त्याच साली राज्यघटनेत उर्दूबरोबर बंगालीचं नाव आलं, आणि तबारक माजेदाला घेऊन ढाक्याला लालबागच्या एका गल्लीत राहायला गेला.

ते काम त्याला आवडलं. दर दहा मिनिटांनी लेखक बदलायचा, त्यामुळे बोटांना विसावा मिळायचा. सिल्हेटचा, चट्टग्रामचा, रंगपूरचा सदस्य आपापल्या बोलीत भांडायचा आणि तरुण लेखकांची तारांबळ उडायची. मग ते वही घेऊन तबारककडे येत. "चाचा, हा काय म्हणाला?" तबारक सांगे.

तिथं त्यानं एक गोष्ट पाहिली. बाहेर एका नावेत बसलेली माणसं आत आल्यावर वेगवेगळ्या बाकांवर बसली होती, आणि कंदीलवाल्यांना कधी बोलली नव्हती अशा भाषेत एकमेकांशी बोलत होती. तो तेही लिहून घेई. वदूद मास्तर त्या वर्षीच्या पावसाळ्यात विरोधी बाकावर होते. तांदूळ महागला होता, खेड्यांतून लोक ढाक्याला येऊन रस्त्यावर बसले होते. मास्तर उठून म्हणाले, "आमच्या हाती कारभार आला आणि पौषापर्यंत भाव उतरला नाही, तर मी या सभागृहात बसणार नाही."

महिन्याभरात कारभार त्यांच्या पक्षाच्या हाती आला. पौष आला. भाव थोडा उतरला, पुन्हा चढला. समोरच्या बाकावरून कुणीतरी ओरडून ते वाक्य मास्तरांच्या तोंडावर टाकलं. अधिवेशनाचा छापील वृत्तांत अजून निघायचा होता.

दुसऱ्या दिवशी मास्तर लेखकांच्या खोलीत आले. दमा वाढला होता. खुर्चीवर बसून त्यांनी आधी श्वास जमवला.

"तबारक भाई, ते पावसाळ्यातलं भाषण. तिथं 'बसणार नाही' असं आलंय म्हणे."

"हो."

"मी 'बसणं अवघड होईल' असं म्हणालो होतो बहुतेक."

तबारकनं कपाटातून वही काढली, पान शोधलं आणि पुढे केली. मास्तरांना रेघा वाचता येत नव्हत्या, तरी ते बराच वेळ पानाकडे बघत होते.

"सदस्याला भाषण सुधारायचा हक्क असतो," ते म्हणाले.

"व्याकरण सुधारायचा असतो. तुमच्या बोलण्यात व्याकरणाची चूक नसते."

"अहो, माणूस बोलायच्या भरात बोलून जातो. लोकांनी आम्हाला कशासाठी पाठवलं? एका वाक्यासाठी सगळं घालवायचं? तिकडे कराचीत आमच्या नावानं खडे फोडणारे काही कमी आहेत का?"

"ते मला कळत नाही मास्तरसाहेब."

"तुम्हाला सगळं कळतं," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "तुम्हाला इथे मी आणलं, एवढं तरी लक्षात ठेवायचं."

खोलीतल्या बाकीच्यांनी माना खाली घातल्या. तबारकनं वही मिटून कपाटात ठेवली. "तुमचा शब्द होता, हे खरं आहे," तो म्हणाला. "पण तुम्ही मला आणलंत ते कशासाठी, तेही मला आठवतंय."

मास्तर उठून गेले. वृत्तांत छापून आला, त्यात वाक्य तसंच होतं. मास्तर सभागृहात बसत राहिले. बाहेर चार दिवस थट्टा झाली आणि मग लोक दुसऱ्या कशाच्या तरी मागे लागले. पण वर्षभर ते तबारकशी बोलले नाहीत. व्हरांड्यात समोरासमोर आले की छातीवर हात दाबत, दम लागल्याचं निमित्त करून, दुसरीकडे वळत. तबारकला याचं वाईट वाटलं. संध्याकाळी घरी आल्यावर तो माजेदाला सभागृहातल्या गमती सांगायचा, त्यात मास्तरांचं नाव येईनासं झालं, आणि तिनंही ते काढलं नाही.

अठ्ठावन्न साली सभागृहात खुर्च्या उडाल्या. तबारकनं कंसात 'गोंधळ' असं लिहिलं आणि टेबलाखाली वाकून बसला. पुढल्याच महिन्यात लष्करानं सगळं राज्य हातात घेतलं. विधानसभेला कुलूप लागलं, लेखकांना वेगवेगळ्या कचेऱ्यांत वाटून टाकलं. तबारकच्या वाट्याला जंगलखातं आलं. त्यानं मुदतीआधी पेन्शन मागितली.

सामान बांधणं चालू असताना मास्तर दारात उभे राहिले. हातात केळीच्या पानात गुंडाळलेली हिलसा होती.

"भाबी, आहे का हो घरी?" त्यांनी माजेदाला विचारलं.

"आहेत. बसा. मासा कुठून आणलात? पोट दाबून तरी बघितलंत का, मऊ लागतोय."

"मला मासा कळला असता तर मी राजकारणात कशाला गेलो असतो?"

माजेदानं मासा मोहरीत केला. तिघं जेवले. मास्तर जेवताना बोलत नव्हते, काटे काढण्यात गुंतले होते. हात धुतल्यावर म्हणाले, "शाळेवाले मला परत घेणार नाहीत. सरकारची चिठ्ठी आली आहे त्यांना."

"सोनाईगंजला चला," तबारक म्हणाला. "मी शॉर्टहँडचा वर्ग काढतोय. पोरांना शुद्धलेखन येत नाही, ते तुम्ही शिकवा."

"लोक हसतील. आमदार होता, आता ऱ्हस्व-दीर्घ शिकवतो म्हणतील."

"हसू देत. आधीही तेच शिकवत होता."

मास्तर आले. बाजारामागच्या पत्र्याच्या छपरात सात वर्षं वर्ग चालला. मधे दोनदा मास्तरांना पोलीस घेऊन गेले आणि दोनदा सोडून गेले. शिकलेल्यांपैकी काही वर्तमानपत्रांत लागले, काही कचेऱ्यांत, आणि दोघं पोलिसांत. तबारकनं दोघांनाही पेढे चारले.

पासष्टच्या भाद्रपदात तबारक अली तापानं गेला. तीन दिवसांचा ताप. मास्तरांनी जनाज्याला खांदा दिला, पण दम्यामुळे दहा पावलांवर दुसऱ्याच्या हाती द्यावा लागला.

माजेदाच्या पेन्शनचे कागद मात्र रखडले. नवऱ्याची नोकरी पोलीस, चौकी, विधानसभा आणि जंगलखातं अशा चार ठिकाणी विखुरलेली. बंगाली राज्याची भाषा होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी फॉर्म इंग्रजीतच होता. मास्तरांनी तो भरला आणि तिला घेऊन ते जिल्ह्याच्या कचेरीत गेले. तिनं खाली बंगालीत पूर्ण नाव लिहिलं, माजेदा खातून.

कारकून म्हणाला, "आम्मा, सही इंग्रजीत लागते. नाहीतर अंगठा द्या."

"अंगठा कशाला? मला लिहिता येतं."

"हे वर चालणार नाही."

"मग वर विचारून या. मी बसते."

ती बाकावर बसली. शेजारी मास्तर बसले. कारकून आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. दुपारची नमाज झाली. माजेदानं पदराखालून मुरमुरे काढून मास्तरांना दिले. चारच्या सुमारास कारकुनानं कागद उचलला, सहीवर एकदा नजर टाकली आणि शिक्का मारून गठ्ठ्यात ठेवला. पेन्शन सुरू व्हायला पुढे आणखी अकरा महिने लागले.